नाव देवाचे, जागा कुणाची?

परदेशातल्या एखाद्या हमरस्त्यालगत, लोखंडी कठड्याच्या मागच्या बाजूला लोहचुंबकाने चिकटवलेली अंगठ्याएवढी डबी असते. आत कागदाची घट्ट गुंडाळी आणि तिच्यावर आजवर डबी शोधून गेलेल्यांच्या सह्या. जिओकॅशिंग या खेळाच्या नकाशावर त्या डबीला नाव दिलेले असते गणेश. पुढच्या थांब्यावरची डबी सरस्वती, त्यापुढची हनुमान, मग दुर्गा, मग विष्णू. डबीच्या माहितीत त्या त्या देवतेविषयी चार ओळी असतात: वाहन कोणते, हात किती, हातांत काय. मोटार थांबवायची, डबी हुडकायची, सही करायची आणि पुढच्या देवाकडे निघायचे. अशा मालिकेची गोष्ट आपल्या माणसांच्या कानावर आली की दोन प्रतिक्रिया ठरलेल्या. पहिली संतापाची: आमचे देव यांनी धुळीत, कठड्यामागे, खेळायला आणून ठेवले. दुसरी अभिमानाची: बघा, आमची संस्कृती कुठवर पोचली.

दोन्ही प्रतिक्रिया उथळ आहेत असे माझे ठाम मत आहे, कारण दोन्हींची नजर नावावर अडकलेली आहे. नाव दिसले म्हणून एक दुखावतो, नाव दिसले म्हणून दुसरा सुखावतो. डबी कुठे ठेवली आहे, ती जागा कुणाची, तिथे आधी काय होते, तिची निगा कोण राखते, हे दोघेही विचारत नाहीत. रस्त्याकडेच्या देवाचे देवपण आपल्याकडे नावातून क्वचितच आले आहे. ते आले जागेतून, आणि त्या जागेकडे पिढ्यानपिढ्या जाऊन ती राखणाऱ्या माणसांतून. म्हणून अशा डबीला एकच कसोटी लावावी असे मी सुचवतो: या नावाने या जागेशी काही नाते जोडले आहे का? जोडले असेल तर ती डबी परक्या माणसाने ठेवली असली तरी आपल्या परंपरेच्या जवळची आहे. नसेल तर ती पोकळ आहे, मग तिच्यावरची माहिती कितीही आदराने लिहिलेली असो.

१. हा खेळ मुळात जागेचा आहे

अमेरिकेच्या जीपीएस उपग्रहांचा नागरिकांना मिळणारा संकेत लष्करी कारणाने मुद्दाम बिघडवलेला असे. मे २००० च्या सुरुवातीला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या निर्णयाने तो बिघाड बंद झाला आणि साध्या यंत्राला शंभरेक मीटरऐवजी दहा-वीस मीटरच्या आत जागा दाखवता येऊ लागली. लगेच, ३ मे रोजी, डेव्ह उल्मर याने ओरेगन राज्यातील बीव्हरक्रीकजवळ रस्त्यालगतच्या झाडीत एक बादली ठेवली, तिच्यात नोंदवही आणि किरकोळ वस्तू ठेवल्या आणि अक्षांश-रेखांश जाहीर केले. त्याच वर्षी खेळाला जिओकॅशिंग हे नाव मिळाले. आज जगभर अशा तीस लाखांहून अधिक जागा नोंदवलेल्या आहेत. या खेळाला एक पूर्वजही आहे. इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या माळावर, क्रॅनमेर पूल या दुर्गम जागी, जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने १८५४ मध्ये दगडांच्या राशीत एक बाटली ठेवली. तिथवर चालत येणाऱ्याने आपले भेटकार्ड तिच्यात टाकायचे. तिथे पोचणे अवघड होते, म्हणून त्या बाटलीला अर्थ होता.

खेळाचे नियमही जागेभोवती फिरतात. डबी पुरायची नाही, जमीनमालकाची परवानगी घ्यायची, दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर ठेवायचे, ज्याने ठेवली त्याने तिची देखभाल करायची. धर्माचा, राजकारणाचा किंवा व्यापाराचा प्रचार डबीच्या माहितीतून करायचा नाही असेही बंधन आहे. बीव्हरक्रीकची मूळ बादली केव्हाच गेली. तिच्या जागी आज स्मरणफलक आहे आणि लांबलांबचे खेळाडू तो पाहायला मुद्दाम वाट वाकडी करून जातात. ज्यांना आपण धर्मनिरपेक्ष खेळाडू म्हणतो त्यांनीसुद्धा वस्तू नाहीशी झाल्यावर जागा जपली, ही गोष्ट पुढच्या विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

रस्त्याकडेच्या मालिकांत मात्र खेळाचे हे मूळच सुटू लागले. मोटारीतून उतरून अर्ध्या मिनिटात सापडतील अशा शेकडो डब्या ओळीने ठेवायच्या आणि दिवसभरात जास्तीत जास्त मोजायच्या, असा एक प्रकार रूढ झाला. नेवाडातील एक्स्ट्राटेरेस्ट्रियल हायवेवरची अशी मालिका खेळाडूंमध्ये प्रसिद्ध आहे. अशा मालिकांत वेळ वाचवण्यासाठी आधीच्या ठिकाणची डबी उचलून पुढच्या ठिकाणी ठेवण्याची आणि तिथली आणखी पुढे नेण्याची पद्धतही पडली आहे. देवतांच्या नावांच्या मालिकेत हे घडले तर सरस्वतीची डबी हनुमानाच्या जागी जाते, हनुमानाची दुर्गेच्या, आणि कुणाला काही फरक पडत नाही. नाव, वस्तू आणि जागा या तिन्हींचा एकमेकांशी काही संबंध उरलेला नाही याचा याहून उघड पुरावा कोणता? माझा आक्षेप नेमका इथे आहे.

२. रस्त्याकडेचा देव कसा घडतो

आपल्याकडे देव रस्त्यावर नव्याने आलेला नाही. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटात सातवाहनांनी खोदवलेल्या लेण्यात राणी नागनिकेचा प्रसिद्ध ब्राह्मी लेख आहे, साधारण इसवी सनपूर्व पहिल्या शतकाचा. तो सुरू होतो तो धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र, सूर्य आणि चार दिशांचे लोकपाल यांना वंदन करून. पुढे यज्ञ आणि दानांची यादी आहे. महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या देवनामावळींपैकी एक अशी ही नावे देवळात कोरलेली नाहीत. ती व्यापाऱ्यांच्या तांड्यांच्या वाटेवर, घाटमाथ्यालगत, जकातीचा म्हणून सांगितल्या जाणाऱ्या दगडी रांजणापासून हाकेच्या अंतरावर कोरली आहेत. देवांची नावे तिथे का? कारण तो घाट राज्याच्या समृद्धीचा दरवाजा होता आणि तिथून जाणाऱ्या प्रत्येकाला कुणाचे राज्य, कुणाचे रक्षण, हे कळायला हवे होते. लोकपाल दिशा राखतात, त्यांना घाटात वंदन केले आहे. नाव आणि जागा यांचा इतका घट्ट मेळ त्या लेखात आहे.

दुसरा पुरावा दामोदर धर्मानंद कोसंबींचा. ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ (१९६२) या ग्रंथात त्यांनी मातृदेवतांच्या स्थानांवर आणि चव्हाट्यावरच्या पूजेवर लिहिले. पुण्याच्या परिसरात पायी हिंडून त्यांनी पाहिले की शेंदूर फासलेल्या तांदळ्यांची अनेक ठाणी अश्मयुगीन लहान हत्यारे सापडतात त्या जागांच्या आसपास, जुन्या पाऊलवाटांच्या कडेला आहेत. गुराखी आणि मेंढपाळ ऋतूप्रमाणे ज्या वाटांनी वर-खाली होत, त्या वाटा जिथे मिळत तिथे ही देवस्थाने उभी राहिली, असे त्यांचे प्रतिपादन. त्यांच्या प्रत्येक निष्कर्षाशी सहमत व्हायलाच हवे असे नाही. तरी एक गोष्ट त्यांनी पक्की केली: गावाबाहेरचा म्हसोबा, वेताळ किंवा सटवाई म्हणजे मोठ्या देवांची गरिबाघरची आवृत्ती नव्हे. ती त्या भूमीवर माणूस कुठून आला, कुठे थांबला, कशाला भ्याला याची नोंदवही आहे. अनेक ठाण्यांना धड नाव नाही. आसरा म्हणतात, मायराणी म्हणतात, नुसते ‘देव’ म्हणतात. नाव बदलते, कधी पुसलेही जाते, जागा मात्र चुकत नाही.

तिसरा पुरावा मला सर्वांत बोलका वाटतो, तो महानुभावांचा. चक्रधरस्वामी तेराव्या शतकात महाराष्ट्रभर फिरले. त्यांच्या अनुयायांनी मूर्तीऐवजी स्वामी जिथे बसले, जेवले, निजले त्या जागांना वंदन करण्याची रीत ठेवली, तिथे ओटे बांधले, आणि त्या जागा हरवू नयेत म्हणून ‘स्थानपोथी’ नावाचा ग्रंथच रचला. गाव कोणते, देऊळ गावाच्या कोणत्या दिशेला, त्याचे तोंड कुठे, आसन नेमके कुठे होते, असे तपशील तिच्यात बारकाईने दिलेले आहेत. उपग्रह नव्हते, अक्षांश-रेखांश नव्हते, तेव्हा केवळ दिशा आणि खुणा यांच्या आधारे शोधत जाणाऱ्याला अचूक जागेवर पोचवणारी ही मराठी पोथी आहे. जिओकॅशिंग ज्या वृत्तीचा खेळ आहे ती वृत्ती, म्हणजे लिखित खुणांवरून जागा शोधणे, तिथे पोचणे आणि पुढच्यासाठी ती शाबूत ठेवणे, मराठी भाषेत सहा-सातशे वर्षांपूर्वी भक्तीचे साधन झालेली होती. शोधाचा खेळ आणि देव एकत्र आल्याचा धक्का आपल्याला बसत असेल तर आपण आपलीच परंपरा पुरती पाहिलेली नाही.

वस्तू कोणती हेही गौण ठरते याचे उदाहरण अमेरिकेतच मिळते. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये वाहने अडवण्याचा एक गोलाकार माथ्याचा दगडी खांब टाकून दिलेला होता. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला काही लोकांना तो शिवलिंगासारखा दिसला. फुले, दूध, धूप सुरू झाले, माणसे येऊ लागली, भोवतीची जागा स्वच्छ राहू लागली. सार्वजनिक उद्यानात पूजास्थान नको म्हणून नगरपालिकेने १९९४ मध्ये तो तिथून हलवला. रहदारीचा टाकाऊ खांब पूजला गेला म्हणून कुणी हसेल, पण म्हसोबाचा धोंडा तरी खाणीतून निघताना वेगळा कुठे होता? त्या खांबाला कुणी शास्त्रोक्त नाव दिले नव्हते. लोक येत होते, राखत होते, एवढ्याने तो देव झाला.

३. नाव पोचले, नाते पोचले नाही

याच्या उलटचे उदाहरण तितकेच मोठे आहे आणि ते या मालिकांच्या फार आधीचे आहे. अ‍ॅरिझोनातील ग्रँड कॅन्यनचे भूशास्त्रीय सर्वेक्षण करणारे क्लॅरेन्स डटन यांनी १८८२ साली आपला प्रसिद्ध अहवाल छापला. दरीतले प्रचंड सुळके त्यांना पौर्वात्य मंदिरांसारखे भासले, आणि त्यांनी विष्णू टेंपल, शिव टेंपल अशी नावे दिली. पुढे नकाशात ब्रह्मा, देव, मनू, राम, कृष्ण यांचीही भर पडली. बुद्ध आणि झरथुष्ट्र शेजारी आहेतच. दरीच्या तळाशी असलेल्या, सुमारे १७० ते १७५ कोटी वर्षे जुन्या खडकांना भूशास्त्रज्ञ आजही विष्णूच्या नावाने ओळखतात. आपले लेख आणि सहलींची वर्णने या नावांचा उल्लेख अभिमानाने करतात. डटन यांच्या मनात अनादर नव्हता. भव्यतेला साजेसे नाव शोधणारा तो रसिक माणूस होता. नावे देताना त्यांनी कुणा हिंदूला दुखावले असे मी म्हणणार नाही.

तरीही त्या नामकरणात एक गंभीर उणीव आहे. ती जमीन रिकामी नव्हती. हावासुपाई लोक त्या दरीत राहत होते, होपी आणि झुनी लोकांच्या उत्पत्तिकथा त्याच दरीतल्या ठरावीक जागांशी बांधलेल्या आहेत. त्यांचे पूर्वज तिथून या जगात आले असे ते मानतात. नकाशावर विष्णू आणि शिव बसले तेव्हा या जागांची त्यांनी ठेवलेली नावे नकाशाबाहेर राहिली. पुढे राष्ट्रीय उद्यान झाले, आणि दरीतल्या ‘इंडियन गार्डन’ म्हणवल्या जाणाऱ्या ओलसर, लागवडीच्या जागेतून शेवटच्या हावासुपाई रहिवाशाला १९२८ मध्ये बाहेर काढण्यात आले. त्या जागेला ‘हावासुपाई गार्डन्स’ हे नाव मिळायला २०२२ साल उजाडले, तेही त्या जमातीने मागणी लावून धरल्यावर. वासुदेवाला घाटात कोरणाऱ्या नागनिकेचे त्या घाटाशी नाते होते. विष्णूला कोलोरॅडो नदीच्या काठावर बसवणाऱ्या नकाशाकाराचे विष्णूशीही नव्हते आणि त्या काठाशीही नव्हते. अपमान झाला असेल तर तो विष्णूचा झाला नाही. तिथल्या राखणदारांना बाजूला सारून जागेला परका शिक्का मारला गेला, आणि त्यासाठी आपल्या देवांची नावे वापरली गेली. याचा आपण अभिमान बाळगावा असे मला वाटत नाही.

याच्यासमोर मॉरिशस ठेवून पाहावे. तिथे उसाच्या मळ्यांत राबायला नेलेल्या माणसांनी शेतांच्या कडेला ‘कालीमाई’ची ठाणी मांडली, दगड मांडून, झाडाखाली, आपल्या वस्तीच्या वेशीवर. १८९० च्या दशकाच्या अखेरीस बेटावरच्या एका डोंगरी तळ्याचा गंगेशी संबंध जोडला गेला आणि लोक महाशिवरात्रीला पायी तिथे जाऊ लागले. १९७२ मध्ये भारतातून आणलेले गंगाजल त्यात मिसळले गेले. आज गंगा तलाव ही बेटावरची सर्वांत मोठी यात्रा आहे. तिथल्या मराठी भाषकांनी गणेशचतुर्थी अशीच मुळात रुजवली, आणि तो दिवस देशाची सार्वजनिक सुट्टी झाला. ही नावेही मायभूमीपासून हजारो किलोमीटर दूर नेलेलीच आहेत, तळ्याला गंगा म्हणणे हे भूगोलाच्या दृष्टीने विष्णू टेंपलइतकेच लांबून आणलेले आहे. फरक पडला तो चालण्याने. पिढ्यानपिढ्या माणसे तिथवर चालत गेली, तिथे रांधले, तिथला काठ झाडला. अंतर हा दोष नाही. दूरच्या जागेलाही आपल्या देवाचे नाव देता येते, पण त्याची किंमत पायांनी आणि हातांनी मोजावी लागते.

४. आक्षेप

पहिला आक्षेप: हा नुसता खेळ, त्याला इतके वजन का द्यायचे? कारण आपल्याकडे खेळ आणि देव यांच्यात कधी भिंत नव्हती. गोविंदा थर लावतो, जेजुरीत भंडारा उधळला जातो, पालखीपुढे रिंगणात घोडा धावतो. खेळ हलका असतो हा समजच चूक आहे.

दुसरा आक्षेप अधिक जोरदार आणि अधिक भावनेचा आहे: देवाचे नाव रस्त्याच्या धुळीत, कुत्री फिरतात तिथे, दिव्याच्या खांबाच्या बुडाशी का? याचे अर्धे उत्तर वर आलेच आहे. वेताळ गावाबाहेर असतो, म्हसोबा बांधावर असतो, मरीआई वेशीवर असते. ऊन, पाऊस, धूळ ही त्यांची नित्याची सोबत. धूळ लागल्याने देव बाटत असता तर महाराष्ट्रातले निम्मे देव बाटले असते. उरलेले अर्धे उत्तर मात्र आपल्याला टोचणारे आहे. मुंबई-पुण्याच्या इमारतींत जिन्याच्या कोपऱ्यांत देवांच्या चित्रांच्या फरश्या बसवतात, लोकांनी तिथे थुंकू नये किंवा भिंतीशी उभे राहू नये म्हणून. फटाक्यांच्या वेष्टनावर लक्ष्मी असते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती फाटून रस्त्याभर पसरलेली असते. लग्नपत्रिकांवरचा गणपती महिन्याभरात रद्दीत जातो. जिन्यातल्या फरशीवर देवाचा धाक वापरला आहे, देवाची काळजी घेतलेली नाही. कुणी त्या फरशीपुढे दिवा लावत नाही, तिला पुसतही नाही. परदेशातल्या अनोळखी खेळाडूने कठड्यामागे ठेवलेल्या डबीवर आपण रागावतो आणि रोज ज्या जिन्याने वर जातो तिथली फरशी आपल्याला खटकत नाही. माझी कसोटी दोघांनाही सारखीच लागू होते आणि माझ्या मते त्या फरश्या डबीपेक्षा वाईट ठरतात. डबी ठेवणाऱ्याने निदान चार ओळी वाचून लिहिल्या आहेत, आणि ती फुटली तर बदलण्याची जबाबदारी घेतली आहे.

तिसरा आक्षेप असतो, दुसऱ्यांच्या धर्माशी असे खेळून दाखवा. तर ते केव्हाचे केले गेले आहे. ब्रिटनमध्ये ‘चर्च मायक्रो’ नावाची मालिका आहे, गावोगावच्या चर्चजवळ ठेवलेल्या लहान डब्यांची, आणि त्यांची संख्या हजारोंत आहे. तिचे वेगळेपण असे की प्रत्येक डबी एका खऱ्या, उभ्या असलेल्या चर्चशी बांधलेली असते. ते केव्हा बांधले, मनोरा कोणत्या काळातला, आवारात कोण पुरले आहे, हे डबीच्या निमित्ताने लिहिले जाते. एरवी रविवारीही ज्या आवारात पाऊल टाकले नसते अशी माणसे तिथे जातात. आमच्या देवांची बरोबरी करायची तर या नमुन्याशी करावी. कठड्यामागच्या गणेशाला ‘चर्च मायक्रो’शेजारी ठेवून पाहिले की उणीव धर्माची नाही, जागेची आहे, हे लगेच ध्यानात येते. अमेरिकेत खरी देवळे नाहीत असे तर नाही. पिट्सबर्गचे व्यंकटेश मंदिर, न्यूयॉर्कच्या फ्लशिंगमधले गणपतीचे देऊळ, ही १९७० च्या दशकापासून उभी आहेत; ती कुणी उभारली, आधी त्या भूखंडांवर काय होते, पहिल्या पिढीने किती वर्षे तळघरांत आणि भाड्याच्या सभागृहांत पूजा केली, या सांगण्यासारख्या गोष्टी आहेत. देवळाच्या विश्वस्तांना विचारून, त्यांच्या वाहनतळाच्या कडेला ठेवलेली एक डबी रस्त्यावरच्या पन्नास डब्यांपेक्षा जास्त देऊन जाईल.

चौथा: परक्यांना आमच्या देवांची नावे वापरण्याचा अधिकारच काय? आपल्या देवांचा इतिहास या आक्षेपाला साथ देत नाही. आपला खंडोबा कर्नाटकात मैलार आहे आणि तेलुगू मुलखात मल्लण्णा. श्रीगोंद्याचे शेख महंमद हे मराठी संतपरंपरेत मानाने बसलेले आहेत. देवाच्या दारात आलेल्याची जात-भाषा तपासली गेली नाही असे मी म्हणत नाही, ती फार तपासली गेली आणि त्याची लाज वाटायला हवी. म्हणूनच तोच पहारा आता परदेशी खेळाडूंवर बसवण्याचा उत्साह मला मान्य नाही. अधिकार राखणीतून येतो. ज्याने जागा जाणून घेतली आणि जपली त्याचा तो आहे, जन्म कुठलाही असो.

पाचवा आक्षेप माझ्याच सिद्धांतावर उलटणारा आहे आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जागा राखली की देवपण येते असे मानले तर रस्त्यात रातोरात उभे राहणारे प्रत्येक देऊळ पवित्र ठरेल, पदपथ अडतील, चौक अडतील. सार्वजनिक रस्त्यांवर आणि जागांवर नवी अनधिकृत प्रार्थनास्थळे उभारू देऊ नयेत असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ रोजी दिला, आणि तो योग्यच होता. पण कसोटी नीट पाहावी. राखण म्हणजे कब्जा नव्हे. पदपथावर फरशा घालून, दानपेटी ठेवून, फलकावर स्वतःचे नाव रंगवून जो देव बसवतो तो जागेशी नाते जोडत नाही, जागा लोकांकडून काढून घेतो. तिथे पूर्वी बसणारी भाजीवाली आणि तिथून चालणारा म्हातारा माणूस हेही त्या जागेचे हक्कदारच. हावासुपाईंच्या दरीवर परकी नावे लादणे आणि चालणाऱ्याच्या वाटेवर देव लादणे यांत मला तत्त्वाचा फरक दिसत नाही. दोन्हीकडे आधीच्या माणसाला विचारलेले नाही. त्यामुळे जी कसोटी डबीला पोकळ ठरवते तीच अशा देवळालाही अपात्र ठरवते, आणि दोनशे वर्षांच्या वडाखालच्या म्हसोबाला मात्र ती पात्र ठरवते.

५. आपल्याकडच्या वाटा

हा विचार महाराष्ट्रात आणून पाहिला तर प्रश्न आणखी तातडीचा होतो. कारण इथे देवांची खरी ठाणी आहेत आणि ती वेगाने हलत आहेत. महामार्ग रुंद होतात, घाट कापले जातात, बाह्यवळणे निघतात. मोठ्या देवळाचे स्थलांतर वाजतगाजत होते, त्याची बातमी येते. बांधावरचा शेंदरी धोंडा मात्र जेसीबीच्या एका घासात जातो, किंवा कुणी कनवाळू माणूस तो उचलून नव्या रस्त्याच्या कडेला ठेवतो. धोंडा वाचतो. तो जिथे होता तिथून कोणती जुनी वाट कुठे जात होती, ही कोसंबींनी वाचून दाखवलेली माहिती कायमची बुजते. महानुभावांच्या स्थानांपैकीही जी टिकली ती पोथीत लिहून ठेवली होती म्हणून आणि अनुयायी जात राहिले म्हणून.

इथे या खेळाने दिलेली सवय उपयोगी पडू शकते. अक्षांश-रेखांश टिपणे, जागेचे चार ओळींत अचूक वर्णन लिहिणे, पुढच्या माणसाला तिथे पोचता येईल याची खात्री करणे, आणि तो आला होता याची नोंद ठेवणे. एक पथ्य मात्र कडकपणे पाळायला हवे: कोणत्याही ठाण्यापाशी डबी ठेवू नये. इंग्लंडमधल्या वेदरबी गावात २०११ साली अशीच एक डबी संशयास्पद वस्तू समजून बॉम्बनाशक पथकाने उडवून दिली होती. बेवारस वस्तूंविषयीच्या सूचना गेली कित्येक वर्षे रोज ऐकणाऱ्या आपल्या शहरांत आणि देवळांत लपवलेली डबी हा निव्वळ धोका आहे. डबीशिवाय नुसत्या जागेला भेट देण्याचे प्रकार या खेळातच आहेत. अमेरिकेतल्या भूशास्त्रीय संस्थेने २००४ पासून पुरस्कारलेल्या ‘अर्थकॅश’मध्ये काही लपवायचे नसते, तिथे जाऊन खडक पाहायचा आणि प्रश्नांची उत्तरे द्यायची. आपल्या ठाण्यांसाठी हाच नमुना ठीक. माहिती लिहिताना देवतेचे पौराणिक चरित्र उतरवून काढू नये, ते कुठेही मिळते. ठाण्याची पूजा कोणत्या घराकडे आहे, नैवेद्य कोणता, जत्रा केव्हा, वाट पूर्वी कुठून येत असे, विहीर होती का, गावाने ती जागा केव्हा आणि का मानली, हे तिथल्या माणसांना विचारून, त्यांच्या संमतीने आणि त्यांच्या शब्दांत लिहावे. जे ठाणे गावाला उघड करायचे नाही ते नकाशावर घालू नये.

गिर्यारोहणाच्या निमित्ताने दर शनिवार-रविवारी सह्याद्रीत हिंडणाऱ्या हजारो मराठी तरुणांच्या हातात आज जीपीएस आहे. परदेशात हा खेळ खेळणाऱ्या आणि सुट्टीत गावी येणाऱ्यांच्याही हातात तो आहे. त्यांना माझी विनंती आहे. परक्या हमरस्त्यावर गणेश किंवा दुर्गा या नावाची डबी सापडली तर तक्रार करू नका आणि छातीही फुगवू नका. ज्याने ती ठेवली त्याला कळवा की जवळ एखादे खरे देऊळ किंवा त्या भूमीच्या मूळ रहिवाशांचे एखादे स्थान असेल तर मालिका तिथे न्यावी, त्यांना विचारून. आणि आपल्या गावावरून नवा रस्ता जायचा असेल, मोजणीचे दगड पडले असतील, तर वेशीवरच्या आणि बांधावरच्या ठाण्यांची नोंद यंदाच्या उन्हाळ्यातच, गावातल्या म्हाताऱ्या माणसांना सोबत घेऊन, करून ठेवा.